जिप्सीचे दिवे : एप्रिल ते जुलै 2024

28 एप्रिल, रविवार, रात्री उशिरा

सावंतवाडीत काजूबियांचा व्यवहार उरकून निघायलाच साडेआठ झाले. दाणोली मागं टाकून घाट चढायला लागलो आणि जिप्सीच्या दिव्यांची लाज वाटायला लागली. समोरून गाडी आली की तिच्या उजेडात वळण दिसायचं, ती गेली की पुन्हा आपला कंदील. आंबोली ओलांडून आजऱ्याच्या रस्त्याला लागलो तर डाव्या कडेला दोन पांढरे खुंट दिसले. मैलाचे दगड असतील असं वाटलं. जवळ गेल्यावर एक खुंट हलला. गवा! गुडघ्याखालचे पांढरे पाय तेवढे उजेडात आणि वरचं सगळं धूड अंधारात. गाडी थांबली तेव्हा मध्ये आठ-दहा पावलं होती. त्यानं आमच्याकडं बघितलं, जरा विचार केला आणि सावकाश खाली उतरला.

शेजारी पुतण्या होता. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "काका, दिवे चालू आहेत न्हवं?"

पावसाळ्याआधी हे काम संपवायचं.

1 मे, बुधवार

महाराष्ट्र दिनाची सुटी, कारखाना बंद. नवीन काही विकत घ्यायच्या आधी आहे ते मोजायचं ठरवलं.

गाडी 2008ची जिप्सी किंग. दिवे गोल, सात इंची, आत एच-फोर बल्ब. म्हणजे एकाच बल्बात दोन तारा : डिपर 55 वॉटचा, अप्पर 60चा. काचा स्वच्छ, रिफ्लेक्टर थोडा मळकट पण चंदेरी शाबूत. बल्ब दीड वर्षापूर्वीच बदललेत. मग उजेड जातो कुठं?

इंजिन चालू ठेवून, ॲक्सिलरेटर थोडा दाबून, डिपर लावून मल्टिमीटरनं बघितलं. बॅटरीच्या टोकांवर 14.1 व्होल्ट. दिव्यामागच्या कपलरमध्ये (तारा बल्बला जोडणाऱ्या खोबणीत) मीटरच्या सुया खुपसल्या तर 11.6. अडीच व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय.

अडीच व्होल्ट म्हणजे फार नाही असं वाटतं, पण हॅलोजनचा हिशोब वेगळा असतो. व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड धाडकन कोसळतो, साधारण व्होल्टेजच्या 3.4व्या घातानं. एच-फोरचा डिपर 13.2 व्होल्टला 1000 लुमेन (उजेडाचं माप) धरतात. 11.6ला त्यातले जेमतेम साडेसहाशे उरतात. म्हणजे प्रत्येक दिव्यातला तिसरा हिस्सा उजेड मी गाडीतल्या तारा गरम करायला वापरत होतो.

5 मे, रविवार

काल कोल्हापूरला गेलो होतो, दिव्यांच्या दुकानात. दुकानदाराला अडचण सांगायला सुरुवात केली तर त्यानं ऐकून न घेताच काउंटरवर दोन डबे ठेवले. एकात 100/90 वॉटचे बल्ब, दुसऱ्यात पंखा बसवलेले एलईडी. "घाटात जाताय न्हवं? मग हेच न्या."

दोन्ही घेतले नाहीत. शंभर वॉटचा बल्ब त्याच म्हाताऱ्या तारेवर लावला तर करंट वाढणार, तार आणखी तापणार, आणखी व्होल्ट खाणार. वर होल्डर वितळायची शक्यता. शिवाय तो रस्त्यावर चालवायला कायदेशीरही नाही. एलईडीची गोष्ट निराळी. एच-फोरचा रिफ्लेक्टर तारेच्या एका ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो, आणि डिपरच्या तारेखाली छोटीशी पत्र्याची वाटी असते, तिच्यामुळं उजेडाची वरची कड कापली जाते. तिथं एलईडीची पट्टी खुपसली की उजेड दिसेल तिकडं फुटतो. आपल्याला वाटतं किती लख्ख! समोरचा मात्र शिव्या देत असतो. रोज रात्री मीही देतो.

रेडीमेड रिले हार्नेस मात्र घेतला, म्हणजे तारांची तयार जुडी; तिच्यातला रिले हा बारीक करंटच्या हुकमानं मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. दोन रिले, दोन फ्यूज, मागं एच-फोरचे चिनी मातीचे होल्डर. काम सोपं व्हावं एवढीच इच्छा. सात इंची नवीन हेडलाइटची जोडी काल रात्री ऑनलाइन मागवली, पारदर्शक काचेची, दिसायला झकास.

7 मे, मंगळवार

सकाळी सातला मतदान करून आलो, पुढं दिवस मोकळा. हार्नेस बसवायला घेतला.

कल्पना साधी आहे. आत्ता दिव्याचा सगळा करंट बॅटरीतून निघून स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो. रिले लावला की स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, दीडशे-दोनशे मिलिॲम्पियर. दिव्याचे नऊ-दहा ॲम्पियर बॅटरीतून थेट, जाड तारेनं. जुनं कपलर रिलेला फक्त हुकूम द्यायला उरतं.

जुनं कपलर काढलं, हार्नेसच्या पिनवर बसवलं. खट्. बारीक निळी ठिणगी, आणि त्या बाजूच्या दिव्याचा फ्यूज गेला. स्विच बंद होता हे मुद्दाम लिहून ठेवतो. दुसरा फ्यूज घातला, पुन्हा खट्.

मग कपलर सुटं करून टेस्ट लॅम्प लावला. स्विच बंद असताना तिन्हीपैकी एका पिनवर बारा व्होल्ट कायम हजर! ती दोन्ही तारांची सामाईक पिन, जी मी अर्थिंगची समजत होतो. अर्ध्या तासानं डोक्यात उजेड पडला. या गाडीत सामाईक पिनला कायम प्लस आहे आणि स्विच मायनस तोडतो-जोडतो. डिपर लावला की डिपरच्या पिनला अर्थ मिळतो, अप्पर लावला की अप्परच्या. बाजारातला हार्नेस उलट समजुतीवर बांधलेला. त्यानं सामाईक पिन सरळ बॉडीला जोडलीय. म्हणजे मी बॅटरीचा प्लस हातानं बॉडीवर टेकवत होतो.

फ्यूजनं इमानदारी दाखवली म्हणून वाचलो.

8 मे, बुधवार

गडहिंग्लजला मामांकडं गेलो. मामा माझे कुणी लागत नाहीत, तालुक्याचे मामा. चाळीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रक आणि एसटीच्या वयाच्या गाड्यांचं वायरिंग करतायत. दुकान म्हणजे एक पत्रा, खाली लाकडी पेटी आणि खिळ्यांवर टांगलेल्या रंगीत तारांच्या लडी.

हार्नेस हातात घेऊन त्यांनी तारेचं टोक सोललं, नखानं केस मोजल्यासारखं केलं आणि माझ्यासमोर धरलं. बाहेरून करंगळीएवढी जाड तार, आत तांब्याचे पंधरा-वीस केस. बाकी सगळं प्लास्टिक.

"किती दिलं?"

आकडा सांगितला. मामा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"साहेब, रिले आन् होल्डर ऱ्हाऊ द्या, ते बरे हायत. वायर फेका. आन् गाडीला मायनस स्विचिंग असलं म्हून काय बिघडत न्हाई. कॉइलला काय कळतंय कुठून प्लस आला? एक टोक जुन्या प्लसला द्या, दुसरं डिपरच्या पिनला. मारा स्विच, ओढंल की रिले."

खरंच एवढंच. रिलेच्या 85 आणि 86 या पिना कॉइलच्या, त्यांना उलटसुलट चालतं. फक्त रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असेल तर दिशा पाळायची. टोपणावर आकृती छापलेली असते, ती बघायची. माझ्या रिलेत डायोड नाही.

मामांकडूनच तार घेतली : बॅटरीपासून फ्यूजपर्यंत चार चौरस मिमी, पुढं दिव्यांना अडीच. घरातली जाड केसांची वायर नको म्हणाले, गाडीच्या थरथरीत ती मुरगळून तुटते. बारीक केसांचीच हवी.

12 मे, रविवार

पूर्ण दिवस बॉनेटखाली. मान अजून दुखतेय.

बॅटरीच्या प्लसवरून दोन तारा काढल्या. एक डिपरच्या रिलेला, एक अप्परच्या. प्रत्येकीला स्वतंत्र 15 ॲम्पियरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. एकच मोठा फ्यूज लावला असता तर चार पैसे वाचले असते, पण घाटात तो गेला की दोन्ही दिवे गेले. आता डिपर गेला तर अप्पर राहील. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण तार पुढं कुठं पत्र्याला घासून सोलली तर फ्यूजच्या मागचा तुकडा कुणीच वाचवू शकत नाही.

रिलेची 30 नंबरची पिन फ्यूजकडून, 87 नंबरची नव्या होल्डरकडं. नव्या होल्डरात मात्र सामाईक पिन अर्थला दिली. जुनी बाजू मायनस स्विचिंगची आणि नवी प्लस स्विचिंगची, मध्ये रिले दुभाष्यासारखा बसलाय. हुकमासाठी एकाच बाजूचं कपलर पुरतं. मी उजवीकडचं घेतलं, डावीकडचं गुंडाळून टेप मारून ठेवलं. उद्या नव्या वायरिंगनं दगा दिला तर दहा मिनिटांत जुनं लावून घरी येता येईल.

थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे, पकडीनं दाबायचे की सोल्डर करायचे यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी चांगल्या क्रिंपिंग पकडीनं दाबले आणि वर हीट श्रिंक (तापवली की आक्रसून बसणारी नळी) चढवली. सोल्डर केलेली तार जिथं सोल्डर संपतं तिथं कडक होते आणि थरथरीत नेमकी तिथंच मोडते. पहिला थिंबल ओढून बघितला तर हातात आला. दुसऱ्यापासून जमलं. पहिला पुन्हा केला.

अर्थिंगला सगळ्यात जास्त वेळ दिला. डाव्या मडगार्डच्या आत एक बोल्ट होता, तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चांदीसारखा केला, दातेरी वॉशर टाकला, आवळला, वर व्हॅसलीन चोपडलं. तरी समाधान होईना. शेवटी तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत चार चौरस मिमीची एक तार थेट ओढली. गंजक्या पत्र्याच्या भरवशावर दहा ॲम्पियर परत पाठवायचे नाहीत.

रिले पिना खाली करून लावले, म्हणजे पाणी आलं तरी टोपणावरून निथळून जाईल.

संध्याकाळी जुन्याच दिव्यांवर, जुन्याच बल्बांवर मोजलं. बॅटरीवर 14.0, बल्बच्या पिनांवर 13.5. अडीचवरून अर्ध्या व्होल्टवर. हिशोबानं उजेड आधीच्या दीडपटीहून बराच वर. बल्ब लवकर जातील, तेही मान्य. स्विच मारला आणि कारखान्याच्या भिंतीवर जो पांढरा पट्टा पडला तो बघून बायको बाहेर आली. "नवीन दिवे बसवलेस?" म्हटलं, नाही, दिवे तेच आहेत.

18 मे, शनिवार

ऑनलाइनची जोडी आली. बसवायला अर्धा तास : कडीचे तीन स्क्रू काढायचे, जुना दिवा बाहेर, नवा आत. फोकस लावायच्या दोन स्क्रूंना हात लावायचा नाही.

रात्री गाडी भिंतीसमोर पाच मीटरवर उभी केली आणि डिपर लावला. कड सुरेख, सुरीनं कापल्यासारखी. पण एका बाजूला ती वर चढते ती उजवीकडं!

आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. डिपरची कड डावीकडं वर चढायला हवी, म्हणजे कडेचा माणूस, सायकल, गवा दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. ही जोडी उजवीकडून चालणाऱ्या देशांची. काचेवर खुणा बघितल्या. वर्तुळात ई आहे, आकडे आहेत, बाण नाही. डावीकडून चालणाऱ्या देशांच्या दिव्यावर आडवा बाण असतो, समोर उभं राहून बघितलं तर आपल्या उजव्या हाताकडं टोक केलेला. बाण नाही म्हणजे माल आपला नाही. विकणाऱ्यानं पानावर "भारतीय गाड्यांसाठी" असं ठळक लिहिलं होतं. परत पाठवली. (नंतर लिहितोय : पैसे आले, पण आठ दिवस आणि चार फोन गेले.)

26 मे, रविवार

नवी जोडी कोल्हापुरातूनच घेतली, यावेळी दुकानात डबा फोडून काचेवरचा बाण बघून. दुकानदार म्हणाला, "एवढं कोण बघत न्हाई." म्हटलं, मी बघतो.

फोकस लावला. टाकीत पेट्रोल अर्ध्यावर, टायरमध्ये हवा बरोबर, आणि चालकाच्या सीटवर पुतण्याला बसवलं कारण त्याचं वजन माझ्याएवढंच. (त्याला हे आवडलं नाही.) दिव्याचा मध्य जमिनीपासून 84 सेमी. भिंतीवर त्याच उंचीवर खडूची आडवी रेघ, तिच्याखाली पाच सेमीवर दुसरी. पाच मीटरवर पाच सेमी म्हणजे शंभरात एक उतार. वरच्या स्क्रूनं उंची, बाजूच्या स्क्रूनं डावं-उजवं. एक दिवा पोत्यानं झाकून दुसरा लावायचा, नाहीतर दोन्हींचा उजेड मिसळतो आणि काही कळत नाही. कड खालच्या रेघेवर टेकली, डावीकडची चढण जागेवर.

नंतर गाडी मोकळ्यावर काढून मीच आठ मीटरवर उभा राहिलो, दिव्याच्या उजव्या अंगाला अर्धा मीटर सरकून, आणि जरा वाकून डोळे दीड मीटर उंचीवर आणले. मोटार वाहन नियमांत चकाकीची कसोटी हीच आहे. डोळे दिपले नाहीत.

2 जून, रविवार

आता फॉग लॅम्प. 55 वॉटची जोडी, पिवळ्या काचेची.

पिवळा उजेड धुकं भेदतो असं सगळे सांगतात, पण धुक्याच्या थेंबापुढं सगळ्याच रंगांच्या लहरी चिल्लर असतात. थेंब निळं-पिवळं न निवडता सगळंच परत फेकतो. फायदा रंगात नाही, आकारात आहे. फॉग लॅम्पचा उजेड रुंद, चपटा, वरून सपाट कापलेला आणि खालून निघालेला असतो, म्हणून आपल्या डोळ्यांसमोरचं धुकं उजळत नाही. पिवळ्यात निळा भाग गाळलेला असतो, त्यामुळं डोळ्यांना जरा शांत वाटतं एवढंच. फ्रान्समध्ये 1993पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. मी पिवळा घेतला तो आवडतो म्हणून.

गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पाच मिमी पट्टीचे दोन ब्रॅकेट करून दिले. दिव्याचा मध्य जमिनीपासून 55 सेमीवर आला. टपावर लाइटबार लावून धुक्यात जाणाऱ्यांना पांढऱ्या भिंतीशिवाय काय दिसतं, हे त्यांनाच विचारायला हवं.

वायरिंग तसंच : तिसरा रिले, 15 ॲम्पियरचा फ्यूज, अडीचची तार. कॉइलचा प्लस मात्र पार्किंगच्या दिव्यांच्या तारेवरून घेतला आणि मध्ये डॅशबोर्डवर बटण. पार्किंग बंद की फॉगही बंद, म्हणजे दिवसा विसरून बॅटरी उतरणार नाही. तार आत नेताना पत्र्याला नवीन भोक पाडलं नाही, जुन्या हार्नेसच्या रबरी बुचातूनच सुईसारखी ओवली. या एका तारेला तास गेला.

दिव्यांचे सगळे सांधे सिलिकॉननं बंद केले. आता पाणी शिरूनच दाखवावं.

16 जून, रविवार

आंबोली, संध्याकाळी सात. पाऊस नव्हता, पण धुकं एवढं की मुख्य धबधब्याचा आवाज आला तेव्हा कळलं की धबधबा आला. हौशी मंडळींच्या गाड्या अप्पर लावून चाललेल्या, प्रत्येकीसमोर दुधाचा पडदा.

अप्पर लावून बघितला, आमच्यासमोरही तोच पडदा. डिपर बरा. डिपरसोबत फॉग लावले आणि बॉनेटच्या पुढं रस्त्याची कड, पांढरा पट्टा, संरक्षक कठडा तिरपा उजळला. लांबचं नाही दिसत, वीस-पंचवीस पावलंच. पण धुक्यात तेवढंच बघून तेवढ्याच वेगानं जायचं असतं. पुतण्या बराच वेळ बघत होता. म्हणाला, "काका, गव्याचे पाय दिसतील आता." गवा काही भेटला नाही.

फॉग, डिपर, वायपर, ब्लोअर सगळं चालू ठेवून गाडी जागेवर उभी केली तर व्होल्टेज 12.6वर येतं. चाल मिळाली की पुन्हा वर. म्हणजे चहाला थांबताना फॉग बंद करायचे.

23 जून, रविवार

डाव्या फॉगच्या आत पाणी. थेंब नव्हे, चमचाभर. काचेच्या तळाशी मजेत डुलतंय.

उघडून बघितलं तर दिव्याच्या बुडाशी कंपनीनं ठेवलेलं बारीक भोक माझ्याच सिलिकॉननं बुजलेलं. दिवा तापला की आतली हवा फुगून कुठूनतरी बाहेर पडते, थंड झाला की ओली हवा आत ओढतो. भोक उघडं असलं की पाणी निथळतं. मी शहाणपणा करून वाट बंद केली होती. टाचणीनं दोन्ही दिव्यांची भोकं मोकळी केली, रिफ्लेक्टर मऊ कापडानं न घासता नुसता टिपला. बल्ब वाचला.

मामांना फोन करून सांगितलं. "मग? म्या विचारलंवतं का, भोक कशाला असतंय म्हून?" नव्हतं विचारलं, पण वाद घातला नाही.

7 जुलै, रविवार

तीन आठवड्यांत घाटाच्या चार खेपा झाल्या. रिलेचे आणि फ्यूजचे होल्डर हातानं चाचपले, कुठंच ऊब नाही. बल्बच्या पिनांवर 13.4. अर्थच्या बोल्टवर व्हॅसलीन अजून आहे.

सगळ्या वायरिंगची आकृती वहीच्या पानावर काढून, तारांचे रंग लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटच्या आत चिकटवली. चार वर्षांनी मी नसलो आणि दुसऱ्या कुणी गाडी उघडली तर सामाईक पिनवर प्लस आहे हे त्याला पहिल्या ओळीत कळेल. ती ओळ लाल शाईनं लिहिलीय.

उजव्या फॉगचं ब्रॅकेट थरथरतंय. स्प्रिंग वॉशर आणायचा, दहा नंबरचा पाना पुतण्याकडून परत घ्यायचा.